टनभर दाण्यात पेलाभर पाणी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, मावशी, बीएससी केमिस्ट्रीला जाऊ का, की नुसती डिग्री पदरात पडेल आणि पुढे काहीच नाही? मी तिला पंधरा-वीस मिनिटं काहीबाही सांगत बसले, कॉलेज कुठलं चांगलं, नेट-सेट काय असतं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहून काढतेय.

मी पॉलिमर केमिस्ट, म्हणजे प्लास्टिक, रबर असल्या लांब साखळ्यांच्या रेणूंवर काम करणारी. पाच वर्षं पीएचडी, मग सतरा वर्षं प्लास्टिकच्या धंद्यात, आणि त्यानंतर व्हिजिटिंग म्हणून शिकवणं, एक्स्टर्नल म्हणून परीक्षा घेणं आणि मधली काही वर्षं एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर. म्हणजे या टेबलाच्या सगळ्या बाजूंना बसून झालंय.

सुरुवात साखर कारखान्यातून झाली. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होते, गळीत हंगामात त्यांच्या शर्टाला रसाचा आणि चुन्याचा मिळून एक वास असायचा. शाळा सुटल्यावर डबा घेऊन गेलं की ते मला ब्रिक्स (रसात विरघळलेली साखर साधारण किती ते) कसं बघतात ते दाखवायचे. मळीपासून अल्कोहोल होतं हे मला पाचवीतच माहीत होतं, पण त्या अल्कोहोलपासून रबर होतं हे कळलं ते खूप पुढे, एमएससीला. बरेलीजवळ १९६३ पासून अल्कोहोलपासून ब्युटाडाईन नावाचा वायू आणि त्यापासून कृत्रिम रबर बनवायचे, हे जेव्हा एका सरांनी सहज सांगितलं ना, तेव्हा अंगावर काटा आला होता. ऊस, मळी, अल्कोहोल आणि मग ट्रकचा टायर! आपल्या घरामागच्या शेतातून निघालेली वाट थेट टायरपर्यंत जाते हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ठरलं की हेच करायचं.

पण त्याआधीची बीएससी. तालुक्याचं कॉलेज, नाव सांगत नाही, कारण तिथले शिक्षक वाईट नव्हते आणि तशी कॉलेजं आजही गावोगाव आहेत. थिअरी छान शिकवायचे. प्रॅक्टिकलला मात्र एकच रीत, आधीच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग घ्यायचं, आपलं त्याच्या आसपास आलं नाही तर आपलं खोडून तेच लिहायचं. ब्युरेटचं रीडिंग ११.८ आलं आणि "बरोबर" उत्तर १०.२ असेल तर १०.२ लिहायचं. आपलं ११.८ का आलं हे कुणी विचारत नव्हतं, आम्हीही नाही. मला प्रॅक्टिकलला पन्नासपैकी सत्तेचाळीस होते. त्यातली किती रीडिंग माझी होती ते मला आज आठवतही नाही आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एमएससी कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात, फिजिकल केमिस्ट्री. पॉलिमर म्हणजे तेव्हा आम्हाला एका पेपरातला एक भाग, पण तेवढ्यात दोन गोष्टी अशा मिळाल्या की आयुष्यभर पुरल्या. एक म्हणजे स्टाउडिंगर या जर्मन केमिस्टची गोष्ट. १९२० साली या माणसाने लिहिलं की रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे हजारो छोटे रेणू खऱ्याखुऱ्या बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत, आणि तेव्हाच्या मोठमोठ्या केमिस्टना ते पटलं नाही, ते म्हणायचे हे छोट्या रेणूंचे पुंजके आहेत, साखळी वगैरे काही नाही. नोबेल मिळालं १९५३ ला. तेहतीस वर्षं!

दुसरी गोष्ट कॅरोदर्सचं समीकरण, ज्याच्या लॅबमधून पुढे नायलॉन आलं तो अमेरिकन केमिस्ट. दिसायला अगदी साधं आहे. साखळीची सरासरी लांबी म्हणजे १ भागिले (१ वजा रिअॅक्शन किती पूर्ण झाली तो अंश). आता नुसते आकडे घालून बघा. रिअॅक्शन ९० टक्के झाली तर साखळी फक्त १० दुव्यांची. ९५ टक्क्यांना २०. ९८ ला ५०. ९९ ला १००. आणि ९९.५ ला २००. म्हणजे ९९ च्या पुढच्या अर्ध्या टक्क्यात साखळी दुप्पट होते. परीक्षेत ९० टक्के पडले की गल्लीत पेढे वाटतात, इथे ९० टक्क्यांवर थांबलात तर हातात ठिसूळ मेणासारखं काहीतरी येतं, त्याचा धागा निघत नाही, पिशवी होत नाही, काही म्हणजे काही होत नाही. मी हे समीकरण पेपरात सिद्ध करून पूर्ण मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ कळायला मात्र पीएचडी उजाडावी लागली.

पीएचडी पुण्यात एनसीएलला, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पाषाण रोडवर. १९९० चा पावसाळा. नेहरूंनी १९५० च्या जानेवारीत उद्घाटन केलेली ती इमारत, लांबलचक कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरभर सॉल्व्हंटचा तो वास. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा वाटलं आपण फार मोठ्या जागी आलोय आणि आपल्याला काहीच येत नाही. (दुसरं खरंच होतं.)

माझं काम लॅक्टाईडचं पॉलिमर करायचं. लॅक्टाईड लॅक्टिक ॲसिडपासून येतं आणि लॅक्टिक ॲसिड साखर आंबवून करता येतं, म्हणजे मी फिरून परत वडिलांच्या कारखान्यापाशीच आले होते. शरीरात हळूहळू विरघळणारे टाके वगैरे याच जातीच्या पॉलिमरचे करतात. कथिलाचा एक कॅटॅलिस्ट, लॅक्टाईड आणि उष्णता, कागदावर एवढंच. मला हवं होतं एक लाखाच्या घरातलं रेणूवजन (साखळी जितकी लांब तितकं ते जास्त), येत होतं पंधरा हजार, अठरा हजार, एकदा बावीस. आठ महिने! मी कॅटॅलिस्ट बदलला, तापमान बदललं, वेळ वाढवली, दर वेळी तेच. होस्टेलच्या खोलीत रात्री वही घेऊन बसायचे आणि मला बीएससीची ती जर्नलं आठवायची. इथे कुणाच्या जर्नलमधून घ्यायचं रीडिंग? आधीची बॅचच नव्हती.

गाईड सरांनी सल्ला दिला नाही, एक प्रश्न विचारला. "तुझ्या फ्लास्कमध्ये आणखी काय काय आहे?" मी म्हटलं सर, लॅक्टाईड, कॅटॅलिस्ट आणि सॉल्व्हंट म्हणून टोल्युइन. ते म्हणाले, "आणखी?" आणि निघून गेले.

आणखी होतं पाणी. या रिअॅक्शनमध्ये पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतःच एक नवीन साखळी सुरू करतो. माल तेवढाच, साखळ्या जास्त, म्हणजे प्रत्येक साखळी आखूड. अगदी लग्नाच्या पंगतीचा हिशोब, भात तेवढाच आणि पानं वाढली. बाटलीवर "शुद्ध" लिहिलंय म्हणून मी टोल्युइन तसंच ओतत होते, काचसामान ओव्हनमधून काढून टेबलावर गार करत होते, पाषाणच्या जुलैमधल्या हवेत! मग सगळं नव्याने शिकले. लॅक्टाईड तीनदा रीक्रिस्टलाइज करायचं, व्हॅक्यूमखाली वाळवायचं, फ्लास्क ज्योतीने तापवून नायट्रोजनखाली गार करायचा, आणि टोल्युइन सोडियमवर बेंझोफिनोन घालून उकळत ठेवायचं. ते आधी पिवळट दिसतं, मग हिरवट, आणि पाणी आणि ऑक्सिजन पूर्ण गेले की गडद निळं होतं. एका सकाळी साडेसातला लॅबमध्ये शिरले तर फ्लास्क निळाशार झाला होता, अगदी शाईसारखा, बाहेर पाऊस धो धो आणि आत हा निळा. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. त्या आठवड्यात रेणूवजन आलं शहाण्णव हजार.

सांगायचं हे की तो निळा रंग बघायला मला बीएससी आणि एमएससीची पाच अधिक पीएचडीचं जवळजवळ एक अशी सहा वर्षं लागली, आणि खरं तर तो एफवायच्या पोराला आठवड्यात दाखवता येतो.

नंतर वाचलं की स्वतः कॅरोदर्सच्या लॅबमध्येही पाण्यानेच अडवलं होतं. पॉलिएस्टर करताना पाणी बाहेर पडतं, आणि ते तिथेच राहिलं तर रिअॅक्शन पुढे सरकत नाही. १९३० मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने एका खास उपकरणात, जोरदार व्हॅक्यूमखाली, ते पाणी समोरच्या थंड पृष्ठभागावर ओढून घेतलं आणि साखळ्या एकदम लांबल्या, रेणूवजन बारा हजारांच्या घरात गेलं. काडी बुडवून वर खेचली तर धागा निघाला, आणि गार झाल्यावर तो ताणला तर तुटायच्या ऐवजी आणखी मजबूत झाला. नायलॉन आलं त्यानंतर पाच वर्षांनी. हा प्रसंग आमच्या एमएससीच्या पुस्तकात समीकरणाच्या शेजारी दोन ओळींत असता तरी माझे आठ महिने वाचले असते.

मग नोकरी. ती सगळी वर्षं सांगत बसत नाही, कारण त्यातली बरीचशी टेस्ट रिपोर्ट आणि मीटिंगमध्ये गेली. पहिले काही महिने तर भाषाच शिकत होते. पुस्तकात "पॉलिमर" असतं, धंद्यात त्याला "दाणा" म्हणतात. दाणा आला, दाणा संपला, दाणा ओला आहे, दाण्याचा रेट वाढला. माझ्याबरोबर माटुंग्याच्या यूडीसीटीतून (आताची आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) आलेली मुलं होती, त्यांना एक्स्ट्रूडर, म्हणजे दाणा वितळवून पुढे ढकलणारं मशीन, माहीत होतं, मी तो पहिल्यांदा नोकरीतच बघितला, आणि मी तर डॉक्टर होते. पण एक रात्र सांगायलाच हवी.

१९९८ चा जुलै. कंपनीचं नाव नको. पाण्याच्या बाटल्यांसाठी पेट नावाच्या प्लास्टिकचे प्रीफॉर्म काढायचो, प्रीफॉर्म म्हणजे टेस्ट ट्यूबसारखी जाड नळी, तीच नंतर फुगवून बाटली होते. गिऱ्हाईकाकडून तक्रार आली, बाटल्या पडल्या की तडकतायत. वरचे सगळे म्हणत होते दाणा खराब, सप्लायरला परत पाठवा. मी आयव्ही काढला, म्हणजे पातळ द्रावण काचेच्या नळीतून किती वेळात वाहतं त्यावरून साखळीच्या लांबीचा अंदाज. दाण्याचा ०.८०, अगदी हवा तसा. त्याच दाण्याच्या प्रीफॉर्मचा ०.६८. मशीनमधून जाताना ०.०२-०.०३ उतरतो ते ठीक, पण ०.१२? म्हणजे साखळ्या आमच्याच मशीनमध्ये तुटत होत्या. पेट २८० अंशांच्या आसपास वितळवतात, तेवढ्या उष्णतेत पाण्याचा एक रेणू साखळीचा एक दुवा तोडतो. म्हणून आधी दाणा १६०-१७० अंशांना चार ते सहा तास कोरड्या हवेत वाळवायचा असतो, पाणी ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ५० भागांच्या, खाली यायला हवं. ड्रायरच्या पॅनेलवर मात्र सगळं व्यवस्थित दिसत होतं, ड्यू पॉइंट (हवा किती कोरडी आहे ते सांगणारं तापमान) उणे ४०, दिवा हिरवा.

संध्याकाळी मशीनवरच्या ऑपरेटर काकांकडे गेले. जळगावकडचे होते, दहावी नापास, वीस वर्षं मोल्डिंगवर. म्हटलं काका, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "ताई, माल पाण्यासारखा पडतोय चार दिवस झाले. मी शिफ्टला सांगितलं, ते म्हणे पॅनल बघ." आणि त्यांनी नोझल मागे घेऊन वितळलेला माल खाली पत्र्यावर सोडून दाखवला. चांगला माल मधासारखा जाड, सावकाश, घडी पडत उतरतो. हा काकवीसुद्धा नव्हे, तेलासारखा सरळ खाली गेला आणि पसरला. मला आमच्या गावचं गुऱ्हाळ आठवलं, तिथेही गुळव्या थर्मामीटर बघत नाही, धार बघतो.

रात्री अकराला ड्रायर उघडला. आतली ओलावा शोषणारी गोळी पार पिवळी पडून भुगा झाली होती, आणि ड्यू पॉइंटचा सेन्सर कधीचा एकाच आकड्यावर अडकून बसला होता. मग मी तिथेच पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं. एक टन दाणा, साखळीचं रेणूवजन सुमारे २४ हजार, म्हणजे टनात साधारण ४२ मोल साखळ्या (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप). ०.६८ ला रेणूवजन येतं १९-२० हजार, म्हणजे साखळ्या झाल्या ५० च्या वर. जास्तीचे दहा मोल तुकडे, म्हणजे दहा मोल पाणी, म्हणजे १८० ग्रॅम. काका शेजारी उभे होते, त्यांना म्हटलं टनभर दाण्यात एक पेलाभर पाणी आहे काका, बाकी काही नाही. ते बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं गणित करता येतं होय यात." मला त्या क्षणी खूप भरून आलं. मोलचा हिशोब आम्ही अकरावीत शिकतो. आणि त्यांना जे चार दिवस आधी डोळ्यांनी दिसलं होतं ते मला पीएचडी असून दिसलं नव्हतं. दोघांपैकी एकाला जरी दोन्ही येत असतं तर चार दिवसांचा माल भंगारात गेला नसता. तो पुठ्ठा मी जपून ठेवलाय.

२०१२ ला नोकरी सोडली, घरची कारणं होती, आणि शिकवायला लागले. एक्स्टर्नल म्हणून जायला लागले तेव्हा पहिला धक्का बसला, जर्नलं तशीच! पंचवीस वर्षांत काही बदललं नव्हतं. एका कॉलेजात व्हिस्कोमीटरचा, म्हणजे काचेच्या नळीतून द्रव किती वेळात वाहतो ते बघून चिकटाई मोजायचा, प्रयोग होता, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाण्यातलं द्रावण, बारा मुलांच्या बारा जर्नलात नुसत्या पाण्याचा वेळ सेकंदाला सेकंद एकच, १४२. हाताने स्टॉपवॉच दाबून बारा जणांना तोच आकडा येणं शक्यच नाही. व्हायवाला एका मुलीला विचारलं, बाळा, हे तुझं रीडिंग आहे का? ती रडायच्या बेताला आली. मी म्हटलं घाबरू नकोस, मार्क कापणार नाही, तुझं खरं काय आलं होतं तेवढं सांग. तिने जर्नलचं मागचं पान उघडलं, तिथे पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं, १४२, १३९, १३६. "मॅडम दर वेळी कमीच येत होतं, माझं काहीतरी चुकत होतं म्हणून पहिलंच लिहिलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. मे महिना, दुपारचे दोन, पत्र्याचं छप्पर, आणि वॉटर बाथचा थर्मोस्टॅट बंद. तापमान एक अंश वाढलं की पाण्याची चिकटाई साधारण दोन टक्क्यांनी उतरते. १४२ वरून १३६ म्हणजे चार टक्के, म्हणजे बाथ दोन अंशांनी तापला होता. त्या मुलीने काचेच्या नळीने तापमान मोजलं होतं! तिला मी कागदावर हे दाखवलं तेव्हा तिचा चेहरा जो काही खुलला ना. सगळ्या बॅचमध्ये खरा प्रयोग तिनेच केला होता आणि तोच लपवून ठेवला होता, कारण त्याला मार्क नव्हते. मी तिला पूर्ण मार्क दिले. इंटर्नल सरांनी विचारलं कसे काय, तर मी त्यांना मागचं पान दाखवलं. तेही भला माणूस, म्हणाले मॅडम, साठ मुलं, दोन बाथ, एक असिस्टंट तोही अर्धा वेळ, मी काय करू? त्यांचंही खरंच होतं. भरती वर्षानुवर्षं रखडते आणि तासिका तत्त्वावरची माणसं पळत पळत चार ठिकाणी शिकवतात, त्यांना मागचं पान बघायला वेळ कुठून असणार.

अभ्यास मंडळावर मी एकच गोष्ट लावून धरली, थकेपर्यंत. सेमिस्टरमध्ये निदान एक प्रयोग असा ठेवा ज्याचं उत्तर शिक्षकालाही माहीत नाही, आणि मार्क उत्तराला नकोत, उत्तर असं का आलं हे शोधण्याला द्या. पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मीटिंगला विचारलं गेलं की मग मॉडेल आन्सर कसं काढायचं. तिसरीत विषय राहूनच गेला. आता नवीन शैक्षणिक धोरणात एमएससीला ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आलेत, ते मला मनापासून आवडलंय, फक्त मुलांना चार आठवडे ऑफिसात बसवून सर्टिफिकेट देऊ नका, मशीनसमोर उभं करा, काकांसारख्या माणसाच्या शेजारी. आणि समीकरणं कमी करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट. त्या रात्री पुठ्ठ्यावरचं गणित आलं नसतं तर आम्ही सप्लायरशी भांडत बसलो असतो.

सध्या दर बुधवारी जवळच्या कॉलेजात जाते, मानधन नाममात्र आहे, पण लॅब माझ्या ताब्यात देतात. पेटच्या दाण्याच्या दोन वाट्या, एक रात्रभर ओव्हनमध्ये वाळवलेली, दुसरी खिडकीत उघडी ठेवलेली. दोन्ही एकाच मेल्ट फ्लो मशीनमधून सोडायच्या, दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर पडलं ते वजन करायचं, आणि चिमट्याने धागा ओढून बघायचा. काय व्हायला हवं ते मी सांगत नाही. मागच्या बुधवारी एका गटाचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. सवयीने एकाने आधीच्या गटाची वही मागितली, तर दुसरी मुलगी म्हणाली थांब रे, आपला ओव्हन रात्री चालू होता का ते तरी बघू. शिपाईमामांना विचारलं तर रात्री लाइट गेली होती, दोन वाजता. साडेपाच वाजले होते, कॉलेज बंद व्हायची वेळ, आणि ती पोरं मला विचारत होती, मॅडम, आज आम्ही थांबतो, दाणा परत वाळवायला लावू का?